वीज-व्यवस्थापन चिपचे प्रोग्रॅमिंग

एकाच बॅटरीतून किंवा अडॅप्टरमधून सर्किट बोर्डाच्या निरनिराळ्या भागांना हवे ते व्होल्टेज, ठरलेल्या क्रमाने पुरवणारी चिप म्हणजे वीज-व्यवस्थापन चिप. कामाच्या टेबलावर तिला सगळे पीएमआयसी (पॉवर मॅनेजमेंट आयसी) म्हणतात. तिच्या पोटात अनेक बक कन्व्हर्टर आणि एलडीओ, म्हणजे व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारी दोन प्रकारची सर्किटे, असतात. कोणत्या आउटपुटवर किती व्होल्ट हवेत, कोणते आधी सुरू व्हायचे, हे काही चिपमध्ये बोर्ड बनवणाराच ठरवू शकतो. ठरवलेले आकडे चिपच्या रजिस्टरमध्ये (आकडे ठेवण्याच्या छोट्या कप्प्यांत) आणि पुढे तिच्या कायमच्या स्मृतीत भरणे याला तिचे प्रोग्रॅमिंग म्हणतात. प्रोग्रॅम लिहिण्याशी याचा संबंध थोडाच आहे. मुख्य काम आहे ते आकडे बरोबर काढण्याचे आणि मोजून खात्री करण्याचे.

सांगली जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. तासगाव-पलूस भागातल्या द्राक्षबागांत फळछाटणीनंतरही पाऊस सुरूच राहिला की दावण्या या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते, आणि पान किती तास ओले राहिले हे बागायतदाराला कळावे लागते. त्यासाठी सौर पॅनेल, लिथियम बॅटरी, पानाच्या ओलाव्याचा सेन्सर, कॅमेरा आणि मोबाइल मोडेम असलेले केंद्र बागेत उभे करायचे ठरवले, तर बोर्ड स्वतःच आखावा लागतो. बॅटरी पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देते. प्रोसेसरच्या गाभ्याला मात्र १.१ व्होल्टच्या आसपास लागतात, डीडीआर३ मेमरीला १.५, सेन्सरना ३.३. प्रत्येकासाठी सुटा रेग्युलेटर लावला तर जागा पुरत नाही आणि क्रम सांभाळणारे वेगळे सर्किट जोडावे लागते.

हा क्रम हाच या विषयाचा गाभा. म्हैसाळ किंवा टेंभूची उपसा योजना पाहिलेल्याला तो लगेच समजेल. पहिल्या टप्प्याने वर पाणी पोचवल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याचे पंप चालू करत नाहीत, कारण कोरडा फिरलेला पंप खराब होतो. बोर्डावरही असेच आहे. गाभ्याला वीज मिळण्याआधी बाहेरच्या पिनांना ३.३ व्होल्ट मिळाले, तर पिनांच्या संरक्षक डायोडमधून प्रवाह आत शिरतो. मग चिप अडकून बसते, प्रसंगी जळते. याला लॅच-अप म्हणतात. कोणता सप्लाय आधी आणि कोणता नंतर, हे प्रत्येक प्रोसेसरच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, दिलेले असते. तिथे अंदाज चालत नाही.

एनएक्सपीची पीएफ०१०० ही या प्रकारातली एक ओळखीची चिप. ती मूळची फ्रीस्केलची. २०१५ मध्ये फ्रीस्केल एनएक्सपीत विलीन झाली. ८ मिलिमीटर बाजूची, ५६ पायांची ही चौकोनी चिप २.८ ते ४.५ व्होल्टवर चालते, म्हणून लिथियम बॅटरीला सरळ जोडता येते. बॅटरी चार्ज करायला मात्र वेगळी चिप लागते. प्रत्येक आउटपुटला रांगेतला क्रमांक देता येतो. क्रमांक ० दिला तर ते आउटपुट सुरुवातीला बंदच राहते.

व्होल्टेजचा आकडा काढण्याची रीत सोपी आहे, पण चूक इथेच होते. गाभ्याच्या बक कन्व्हर्टरची मूल्ये ०.३ व्होल्टपासून २५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी चढतात. १.१ व्होल्ट हवे असतील तर ०.३ वजा करून उरलेल्या ०.८ ला ०.०२५ ने भागायचे. उत्तर ३२, म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पटीत मोजण्याच्या पद्धतीत) २०. घाईत कोणी ३२ हाच आकडा हेक्सच्या रकान्यात टाकला, तर चिप तो ५० समजते आणि १.५५ व्होल्ट देते. १.१ व्होल्टच्या गाभ्यावर १.५५! म्हणून पहिल्या बोर्डावर प्रोसेसर बसवूच नये, किंवा प्रत्येक सप्लायच्या वाटेत शून्य ओहमच्या, म्हणजे नुसती वाट जोडणाऱ्या, रेझिस्टरची जागा ठेवून मोजणी होईपर्यंत तो लावू नये, असे माझे ठाम मत आहे. एका रेझिस्टरच्या जागेपायी प्रोसेसर गमावणे परवडत नाही.

चिपशी बोलणे होते ते आय-टू-सी या दोन तारांच्या बसवरून, म्हणजे चिपांनी एकमेकींना संदेश पाठवण्याच्या सामायिक वाटेवरून. फिलिप्सने ती १९८२ मध्ये आणली. या तारांना पुल-अप रेझिस्टर, म्हणजे तारेला सप्लायच्या व्होल्टेजकडे ओढून ठेवणारे रेझिस्टर, लागतात आणि त्यांना वीजही लागते. बोर्डाच्या रचनेत ही वीज बहुधा त्याच चिपच्या आउटपुटमधून घेतलेली असते. कोरी चिप अजून ते आउटपुट देत नाही, त्यामुळे तिच्याशी बोलताही येत नाही. यासाठी बोर्डावर दोन तारा, ग्राउंड, बसचा सप्लाय आणि प्रोग्रॅमिंगचा सप्लाय यांचे चाचणी-पॅड आधीच काढून ठेवावेत आणि बसला बाहेरून वीज द्यावी. बोर्ड छापून आल्यावर केसाएवढ्या पायांवर तार डकवत बसणे फार त्रासाचे असते.

आकडे आधी तात्पुरत्या रजिस्टरमध्ये भरून चिप चालवून पाहता येते. ऑसिलोस्कोपचे (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाचे) चार प्रोब चार सप्लायवर लावून चालू करावे. पडद्यावर एकामागून एक चार पायऱ्या चढताना दिसल्या पाहिजेत. एखादी पायरी चढताना मध्येच खचत असेल, तर आकडे तपासण्याआधी कपॅसिटर आणि सोल्डरिंग पाहावे. मोडेम सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकतो, तेव्हाही बॅटरीचे व्होल्टेज किती घसरते ते इथेच बघावे. ते मर्यादेखाली गेले की चिप सगळी आउटपुट बंद करते, आणि ढगाळ दिवसात, जेव्हा रोगाचा इशारा सर्वांत जास्त हवा असतो, तेव्हाच केंद्र गप्प होते. मोडेमला वीज बॅटरीवरूनच, जाड ट्रेसने (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीने) द्यावी.

सगळे जुळले की शेवटचे लेखन. प्रोग्रॅमिंगच्या पिनवर ८ व्होल्टच्या आसपास सप्लाय देऊन चिपमधले फ्यूज उडवतात. उडालेला फ्यूज पुन्हा जोडता येत नाही. चुकले तर हॉट एअरने चिप उपटून नवी बसवणे एवढेच हाती राहते. नेहमीच्या प्रोसेसर-मेमरी जोड्यांसाठी आकडे भरूनच आलेल्या चिप मिळतात. आपली जोडी त्यात बसत असेल, तर त्याच घ्याव्यात. लिहून झाल्यावर वीज काढून पुन्हा द्यावी, रजिस्टर परत वाचावीत, आणि कोणत्या आकड्यांची आवृत्ती भरली ते बोर्डावरच्या स्टिकरवर लिहावे. दोन वर्षांनी दुरुस्तीला आलेल्या बोर्डावर पहिल्यांदा तेच शोधले जाते.