नामस्मरणाने गाठ विरघळत नाही
‘मन खंबीर ठेवा, नामस्मरण करा, कॅन्सर पळतो.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. मनोबलाने आयुष्य वाढतं या समजाला १९८९ साली मोठं बळ मिळालं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांच्या अभ्यासात, शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ८६ स्त्रियांपैकी आधारगटात बसणाऱ्या सरासरी जवळपास दुप्पट काळ जगल्या. (ते गट मन मोकळं करण्याचे होते, देवाधर्माचे नव्हे!) पुढचं मात्र कुणी सांगत नाही. २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला, २००७ साली खुद्द स्पीगेल यांनी तो पुन्हा केला. एकूणात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. कॅनडातल्या गटात वेदना आणि मनाची तगमग मात्र कमी झाली, विशेषतः ज्यांना सुरुवातीला ती जास्त होती त्यांची.

हे काही थोडं नाही. केमोच्या दिवसांत हरिपाठाने कुणाला धीर येत असेल, तर तो जरूर म्हणावा. केमो मात्र सोडू नये. आणि आजार उलटल्यावर ‘श्रद्धा कमी पडली’ म्हणणं निव्वळ क्रूरपणा आहे. गाठ पेशींमधल्या जनुकीय बदलांमुळे वाढते, भक्तीत खोट राहिली म्हणून नव्हे.