साक्ष आणि कैफियत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका गावात माझे मामा राहतात. शाळा मराठी, कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. वाटणीनंतरची पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबाऱ्यासारखा जमिनीचा कन्नड उतारा, हातात आली तेव्हा ती त्यांनी ओळखीच्या एका माणसाकडून वाचून घेतली. तो म्हणाला, "तुमचं नाव लागलंय की. खरं थोरल्यानं मुद्दाम लांबवलंय बघा." आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. मामांनी दोन्ही वाक्यं एका दमात ऐकली आणि दोन्ही कागदावरचीच धरली. भावाभावांचं बोलणं बंद झालं, ते सहा गणपती गेले तरी सुरू झालं नाही. पुढं मामांची मुलगी शाळेत कन्नड शिकली आणि तिनं तोच कागद वाचला. नाव होतं, सर्व्हे नंबर होता, क्षेत्र होतं. थोरल्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

वाचून दाखवणारा माणूस लबाड होता असं मला अजूनही वाटत नाही. नाव लागल्याचं त्यानं बघून सांगितलं. उशिराचं कारण मात्र त्याच्या डोक्यातलं होतं, आणि त्याला ते मनापासून खरं वाटत असणार.

सरकारातून बाहेर पडलेला एखादा सल्लागार तोंड उघडतो तेव्हा मला ती पहाणी आठवते. डिसेंबरात हलग्याजवळच्या सुवर्णसौधमध्ये अधिवेशन भरलं की बेळगावात आतल्या गोष्टींना ऊत येतो. कुणी एकेकाळी कुणा मंत्र्याचा खासगी सचिव असतो, कुणी भाषणं लिहून देणारा असतो. तो काही सांगतो आणि दुसऱ्या दिवशी 'खळबळजनक गौप्यस्फोट' असा मथळा येतो. त्यावर आपल्यात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "तो आत होता, त्याला माहीत असणारच." दुसरा म्हणतो, "हाकलला म्हणून बोलतोय, सोडून द्या." मला दोघांचंही पटत नाही, कारण गौप्यस्फोट या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात. एक साक्ष, दुसरी कैफियत.

कोर्टकचेरीशी संबंध आलेल्या जुन्या माणसांना दोन्ही शब्द ठाऊक आहेत. साक्षीदार आपण पाहिलेलं, ऐकलेलं, केलेलं सांगतो. १८७२च्या पुरावा कायद्याच्या ६०व्या कलमात हेच होतं: गोष्ट पाहण्याजोगी असेल तर ती पाहिली असं म्हणणाऱ्यानंच सांगायची. १ जुलै २०२४पासून त्या कायद्याच्या जागी नवा आला, तरी हे तत्त्व तसंच राहिलं. कैफियत म्हणजे दाव्याला उत्तर म्हणून प्रतिवादी देतो ते आपल्या बाजूचं म्हणणं. मी असा का वागलो, समोरच्याच्या मनात काय होतं, माझं ऐकलं असतं तर काय टळलं असतं, हे सगळं कैफियतीत येतं. कैफियत देणं हा गुन्हा नाही आणि ती खोटीच असते असंही नाही. पण ती वाचताना ज्याची कैफियत आहे त्याचा तिच्यात काय हितसंबंध आहे, हे बघावं लागतं.

घोळ होतो तो माजी सल्लागार एकाच वेळी साक्षीदारही असतो आणि प्रतिवादीही असतो म्हणून. ज्या निर्णयांवर तो बोट ठेवतो त्यांतले काही त्याच्याच टेबलावरून गेलेले असतात.

डॉमिनिक कमिंग्ज हे ब्रिटनमधलं उदाहरण मी नेहमी देतो, कारण त्यात दोन्ही वस्तू उघड दिसतात. जुलै २०१९ ते नोव्हेंबर २०२० ते पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे सर्वांत वजनदार सल्लागार होते. भांडणातून बाहेर पडले. २६ मे २०२१ रोजी संसदेच्या दोन समित्यांपुढं बसून जवळजवळ सात तास ते बोलले: कोरोनाच्या सुरुवातीला सरकार गाफील होतं, मरायला नको होती अशी हजारो माणसं मेली, आणि आरोग्यमंत्री मॅट हॅन्कॉक वारंवार खोटं बोलले.

त्याच सुमारास त्यांनी एका पांढऱ्या फळ्याचा फोटोही प्रसिद्ध केला. मार्च २०२०च्या मध्यावर पंतप्रधान कार्यालयात घाईघाईनं आखलेली योजना त्यावर होती आणि एका कोपऱ्यात लिहिलं होतं, कुणाला वाचवायचं नाही? ही साक्ष आहे. फळा त्या दिवशीचा आहे. कमिंग्ज प्रेमळ आहेत की खुनशी, यानं त्यावरचं अक्षर बदलत नाही.

हॅन्कॉक यांच्यावरच्या आरोपांचं तसं झालं नाही. समितीनं पुरावे मागितले. १० जून २०२१ रोजी हॅन्कॉक स्वतः समितीपुढं आले तोवर कागद आलेले नव्हते, आणि अध्यक्ष जेरेमी हंट यांनी ते आरोप सिद्ध न झालेले धरावे लागतील असं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात कमिंग्ज यांनी व्हॉट्सॲपवरचे संदेश बाहेर काढले. त्यांत जॉन्सन हॅन्कॉकना शिवी घालून अगदी निकामी म्हणतात. इथं नीट थांबून बघायला हवं. तो संदेश खरा धरला तर त्यातून पंतप्रधान मंत्र्यावर चिडले होते एवढं सिद्ध होतं. मंत्री खोटं बोलले हे त्यातून सिद्ध होत नाही. पण वाचणाऱ्याच्या मनात एक गोष्ट दुसरीच्या खांद्यावर बसून आत शिरते. मामांच्या पहाणीत अगदी हेच झालं होतं.

मग जानेवारी २०२२. कमिंग्ज यांनी लिहिलं की २० मे २०२० रोजी, लोकांना एकत्र जमायला बंदी असताना, पंतप्रधान निवासाच्या बागेत मद्यपानाचं आमंत्रण देण्यात आलं होतं आणि आपण त्याला लेखी हरकत घेतली होती. तीनच दिवसांत शंभराहून अधिक जणांना गेलेला आमंत्रणाचा ईमेल एका वृत्तवाहिनीनं दाखवला. १२ जानेवारीला जॉन्सन यांनी संसदेत कबूल केलं की आपण तिथं सुमारे २५ मिनिटं होतो, पण ते कामाचा भाग वाटलं. म्हणजे सूडानं पेटलेल्या माणसाची ही साक्ष खरी निघाली. कमिंग्ज पुढं असंही म्हणाले की आपण जॉन्सन यांना तोंडी सावध केलं होतं आणि हे शपथेवर सांगायला तयार आहोत. जॉन्सन यांनी ते नाकारलं. त्या भागाला ईमेल नव्हता, तिथं शब्दाविरुद्ध शब्द उरला. जून २०२३मध्ये संसदेच्या विशेषाधिकार समितीनं जॉन्सन यांनी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली असा ठपका ठेवला, तो अनेकांच्या जबाबांवर आणि कागदांवर. एकट्या कमिंग्ज यांच्या शब्दावर तो उभा नव्हता.

आता त्यांची कैफियत. टाळेबंदीत ते कुटुंबासह लंडन सोडून डरहॅमला गेले आणि तिथून एकदा बार्नार्ड कॅसल या गावी गाडी चालवून आले. मे २०२०मध्ये पत्रकारांपुढं त्यांनी सांगितलं की आजारानंतर दृष्टी ठीक आहे का हे पाहायला गेलो होतो. वर्षभरानं समितीपुढं म्हणाले की लंडन सोडण्यामागं कुटुंबाच्या सुरक्षेचं कारण होतं आणि तेव्हा आपण पूर्ण हकीकत सांगितली नव्हती. त्याच पत्रकार परिषदेत त्यांनी कोरोना विषाणूच्या धोक्याबद्दल मी आदल्या वर्षीच लिहिलं होतं असंही म्हटलं होतं. जुनी प्रत तपासल्यावर दिसलं की २०१९च्या त्या लेखात कोरोनाचा उल्लेख एप्रिल २०२०मध्ये मागाहून घातला होता. बागेबद्दल खरं बोलणारा हाच माणूस स्वतःच्या दूरदृष्टीबद्दल बोलताना जुन्या कागदाला हात लावतो. म्हणून अख्ख्या माणसाला विश्वासू किंवा बेभरवशाचा ठरवून भागत नाही, वाक्यागणिक ठरवावं लागतं.

आपल्याकडं एप्रिल २०१४मध्ये, लोकसभेची निवडणूक चालू असताना, दिल्लीत दोन माजी आतल्या माणसांची पुस्तकं पाठोपाठ आली. संजय बारू हे मे २००४ ते ऑगस्ट २००८ पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे माध्यम सल्लागार, आणि पी. सी. पारख हे २००४-०५मधले कोळसा सचिव. महत्त्वाच्या फाइलींबाबत काँग्रेस अध्यक्ष सोनिया गांधींच्या सूचना घेतल्या जात, असं बारूंनी लिहिलं होतं. पंतप्रधान कार्यालयानं त्यांचं लिखाण काल्पनिक आणि पूर्वग्रहाचं म्हणून झटकलं, पदाचा व्यापारी फायदा घेतल्याचा आरोप केला आणि एकही फाइल सोनिया गांधींना दाखवली गेली नसल्याचं सांगितलं. हा वाद वाचताना मी बारूंच्या पदाच्या तारखा शेजारी ठेवतो. २००८पर्यंतचं ते जवळून बघत होते. २००९च्या निवडणुकीनंतर काय झालं याबद्दल ते बाहेरच्या माणसासारखे बोलतात, जाणकार असले तरी बाहेरचेच. ही साधी तारखांची तपासणी मथळे वाचणारे सहसा करत नाहीत.

पारखांचं वजन वेगळं आहे. खाणपट्टे वाटण्याऐवजी लिलाव करा हा त्यांचा प्रस्ताव २००४ साली फाइलवर होता. लेखापरीक्षकांच्या २०१२च्या अहवालात तो इतिहास आला, त्यांच्या पुस्तकाच्या दोन वर्षं आधी. सप्टेंबर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २१४ वाटपं रद्द केली. प्रस्ताव का अडला, कुणी अडवला, याबद्दल पारख जे लिहितात ती पुन्हा कैफियत, आणि ती तशीच वाचावी. पण प्रस्ताव होता याला त्यांच्या शब्दाची गरज नाही.

या माणसांना जागल्या, म्हणजे आतला गैरव्यवहार धोका पत्करून उघड करणारा, म्हणू नये असंही मला वाटतं. सत्येंद्र दुबे या अभियंत्यानं नोकरीत असताना महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली मंजूर झाला, पण तो अमलात आणलेला नाही. पद गेल्यावर बोलणाऱ्याचीही साक्ष मोलाची असू शकते, मात्र दुबेंनी मोजलेली किंमत तिच्यावर चिकटवू नये.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना हा फरक जास्त कळायला हवा, कारण आमची निम्मी चर्चा 'आत काय ठरलं होतं' यावर चालते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी महाजन आयोग ऑक्टोबर १९६६मध्ये नेमला गेला आणि ऑगस्ट १९६७मध्ये अहवाल आला. महाराष्ट्रानं ८१४ गावं मागितली होती. आयोगानं निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ द्यावीत म्हटलं, बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं आणि २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत अशी शिफारस केली. हा अहवाल छापील आहे. तरी आमच्या बैठकांत त्यापेक्षा कुणाच्या तरी साहेबांनी गाडीत काय सांगितलं यालाच जास्त मान. महाराष्ट्राचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तिथं गाडीतलं बोलणं चालणार नाही.

मामांच्या गावात एक आजोबा होते. त्या काळात आयोगासाठी निवेदनांचे गठ्ठे बांधणाऱ्या पोरांत ते होते. "निकाल आधीच ठरला होता," असं ते दर वेळी सांगत आणि सगळे माना हलवत. पहाणीचं प्रकरण मिटल्यावर एकदा मामांनी त्यांना विचारलं, "हे तुम्ही बघितलंय की ऐकलंय ओ?" आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ऐकलंय." आणि त्यानंतर त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदाच गठ्ठ्यांबद्दल सांगितलं: सह्या कुणाकुणाच्या होत्या, अंगठे किती होते, कंदिलाच्या उजेडात एकेका गावाची यादी कुणी वाचली आणि कुणी उतरवून घेतली. मामांच्या मुलीनं ते सगळं वहीत लिहून घेतलं, तारीख घालून.