झडप मिटवणारा कॅम

मोटारसायकलचे इंजिन किती वेगाने फिरू शकेल, हे पुष्कळदा झडपेवरची साधी स्प्रिंग ठरवते. फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमचा, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या अंडाकृती चकतीचा, उंचवटा झडप ढकलून उघडतो आणि स्प्रिंग तिला परत मिटवते. इंजिन मिनिटाला 8,000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला सुमारे 67 वेळा उघडते आणि दर खेपेस जेमतेम सहा मिलिसेकंद उघडी राहते. फेरे दुप्पट झाले की तिला कॅमला धरून ठेवण्यासाठी चौपट बल लागते. ते स्प्रिंगला झेपले नाही, तर झडप कॅमची साथ सोडून अधांतरी राहते आणि वर येणाऱ्या पिस्टनवर आदळू शकते. स्प्रिंग आणखी ताठ करावी, तर कॅमची झीज वाढते. शिवाय 1950च्या दशकातील पोलादाच्या स्प्रिंगा अशा ताणाखाली तुटतही असत.

इटलीतील बोलोन्याच्या डुकाटी कंपनीत 1954 साली रुजू झालेले अभियंते फाबियो ताल्योनी यांनी मिटवण्याचे कामही कॅमकडेच सोपवले. या रचनेला डेस्मोड्रोमिक, थोडक्यात डेस्मो, म्हणतात; ‘बंधन’ आणि ‘मार्ग’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून ते नाव आले. कल्पना ताल्योनींची नव्हे. मर्सिडीजच्या शर्यतीच्या मोटारीत ती त्याच वर्षी धावत होती. मात्र मर्सिडीजने ती लवकरच सोडली आणि डुकाटीने धरून ठेवली. 1956 साली स्वीडनमधील हेडेमोरा येथे 125 सीसीच्या डेस्मो गाडीने पदार्पणातच ग्रां प्री शर्यत जिंकली.

झाकण काढलेल्या डेस्मो इंजिनात प्रत्येक झडपेला दोन रॉकर, म्हणजे कॅमची हालचाल झडपेपर्यंत पोहोचवणाऱ्या तरफा, दिसतात. एक तिला वरून दाबतो. दुसरा, चिमट्यासारख्या दुभागलेल्या टोकाचा, दांड्यावरच्या कड्याखाली बोट घालून तिला वर ओढतो. सोबतची बारीक स्प्रिंग इंजिन सुरू होताना झडप घट्ट बसावी एवढ्यापुरतीच असते. खरी कसोटी रॉकर आणि झडप यांच्यातल्या फटींची असते. उघडणाऱ्या आणि मिटवणाऱ्या अशा दोन्ही बाजूंच्या फटी फीलर गेजने मोजून, मिलिमीटरच्या शतांश भागाच्या हिशेबाने योग्य जाडीचे शिम, म्हणजे धातूचे पातळ तुकडे, बसवावे लागतात. आपल्याकडे टॅपेट वाजू लागले की मेकॅनिक पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाच मिनिटांत ते ‘सेट’ करतो. इथे मात्र त्याची अख्खी दुपार जाते, आणि या गाड्यांच्या खर्चिकपणाबद्दलची कुरकुर बरीचशी इथूनच सुरू होते.

एप्रिल 1972 मध्ये इमोला येथे 200 मैलांची शर्यत झाली. डुकाटीच्या 750 सीसी जुळ्या सिलिंडरच्या गाड्यांवर पॉल स्मार्ट पहिले आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरे आले. एमव्ही ऑगुस्टावरील विश्वविजेते जाकोमो आगोस्तिनी यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली. त्या इंजिनात दोन सिलिंडर परस्परांशी 90 अंशांत असल्यामुळे पिस्टनांच्या ये-जा हालचालीचे मुख्य हादरे क्रँकवरच्या प्रतिभाराने जवळजवळ पूर्ण मिटवता येतात. पुढचा सिलिंडर बराचसा आडवा असल्याने गाडी अरुंदही राहते. रस्त्यावरच्या 750 जीटीच्या झडपांना साध्या स्प्रिंगाच होत्या. इमोलाचे डेस्मो हेड (सिलिंडरवरचा, झडपा असलेला भाग) 1974च्या 750 सुपर स्पोर्टमधून ग्राहकांपर्यंत पोहोचले. अशा सुमारे 400च गाड्या बनल्या. रंगसंगतीची नक्कल पुढे अनेकांनी केली. माझ्या लेखी खरा वारसा त्या डेस्मो हेडचाच आहे.

पुढे धातू सुधारले, स्प्रिंगाही भरवशाच्या झाल्या. 2020 मध्ये डुकाटीने मल्टिस्ट्राडा व्ही4 या प्रवासी गाडीत स्प्रिंगा परत आणल्या आणि फटी तपासण्याचे अंतर थेट 60,000 किलोमीटरवर नेले. मोटोजीपीच्या शर्यतीत मात्र डुकाटीच्या झडपा आजही कॅमच मिटवतो.