रोटरी इंजिनाचे इंटेक मॅनिफोल्ड (हौशी विमानबांधणी)

मोटारीसाठी बनलेले वांकेल पद्धतीचे, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या त्रिकोणी रोटरवर चालणारे, रोटरी इंजिन स्वतः बांधलेल्या छोट्या विमानात बसवताना त्याला हवा पुरवणारा नळ्यांचा संच, म्हणजे इंटेक मॅनिफोल्ड, बदलून घ्यावा किंवा नव्याने घडवावा लागतो. हे तंत्र मुख्यतः अमेरिकेतील हौशी विमानबांधकांनी घडवले. तेथे विमानाचा बहुतांश भाग शिक्षणासाठी वा हौसेखातर स्वतः बांधला असेल, तर ते ‘प्रायोगिक’ वर्गात नोंदता येते आणि प्रमाणित इंजिनाची सक्ती राहत नाही. बहुतेकांची पसंती माझदाच्या १३बी इंजिनाला असते. आरएक्स-७ मोटारीतील हे इंजिन पुढे २००३ मध्ये आरएक्स-८ साठी ‘रेनेसिस’ या सुधारित रूपात आले. पहिल्या महायुद्धातील विमानांची, सिलिंडरांसकट फिरणारी ‘रोटरी’ इंजिने वेगळी. त्यांचा या नोंदीशी संबंध नाही.

१३बी मध्ये दोन त्रिकोणी रोटर असतात आणि प्रत्येक कक्षाचे आकारमान ६५४ घन सेंटीमीटर (घसेंमी) असते. शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटर एकदा हवा ओढतो, म्हणजे इंजिन फेऱ्यामागे १,३०८ घसेंमी हवा घेते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर हा हिशेब सुमारे ७,८५० लिटरांवर जातो. छोट्या विमानांत सर्रास दिसणारे लायकमिंग ओ-३६० हे ५.९ लिटरचे पिस्टन इंजिन २,७०० फेऱ्यांवर जवळजवळ तेवढीच हवा घेते. मोटारीचे एवढेसे इंजिन १८० अश्वशक्तीच्या विमान-इंजिनाची जागा घेऊ शकते ते यामुळेच. अर्थात ६,००० फेऱ्यांवर पंखा थेट फिरवता येत नाही. त्यासाठी मध्ये गिअरबॉक्स लागतो. हौशी विमानबांधक ट्रेसी क्रूक यांनी आपल्या आरव्ही-४ या छोट्या विमानात १३बी बसवून अनेक वर्षे उड्डाणे केली आणि असे गिअरबॉक्स इतरांनाही पुरवले. त्यांतला २.१७ प्रमाणाचा गिअरबॉक्स ६,००० फेऱ्यांचे पंख्यावर सुमारे २,७६५ फेरे करतो.

मोटारीचे मूळ मॅनिफोल्ड विमानात नको असण्याची कारणे उघड आहेत. ते उंच असते आणि काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या आवरणात, मावत नाही. शिवाय सिग्नलवर थांबणे, गर्दीत रांगणे आणि हमरस्त्यावर सुसाटणे या तिन्ही गरजा भागवण्यासाठी त्यात झडपा, निर्वात नळ्या आणि दुय्यम मार्ग भरलेले असतात. सहा द्वारांच्या (हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या) १३बी मध्ये तर जादा द्वारे उघडण्यासाठी फिरत्या नळकांड्या असतात. विमानाचे इंजिन मात्र उड्डाणापासून उतरण्यापर्यंत बहुतेक वेळ वेगाच्या एका अरुंद पट्ट्यातच चालते. त्या पट्ट्यापुरते साधे, हलते भाग नसलेले मॅनिफोल्ड हाच शहाणपणाचा मार्ग आहे. कमी वेगावर थोडा जोर गेला तरी वैमानिकाचे काही बिघडत नाही, पण हवेत असताना अडकलेली झडप मोठे संकट ठरते.

नळीची लांबी हा यातला सर्वांत रंजक भाग. इंटेकचे द्वार उघडते त्या क्षणी कक्षात उरलेला जळका वायू नळीत दाबाची लाट सोडतो. ही लाट दुसऱ्या रोटरचे द्वार बंद होण्याच्या किंचित आधी तेथे पोचली, तर त्या कक्षात थोडी जास्त हवा कोंबली जाते. माझदाने आपल्या मोटारींत हाच परिणाम वापरला. द्वार शाफ्टच्या साधारण २८० अंशांपर्यंत उघडे राहते आणि दोन रोटरांत १८० अंशांचे अंतर असते. म्हणून लाटेला सुमारे १०० अंश मिळतात. ६,००० फेऱ्यांवर हा वेळ २.८ मिलिसेकंद होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर एका द्वारापासून दुसऱ्यापर्यंतची वाट एक मीटरच्या जरा आत येते. ७,५०० फेऱ्यांसाठी तीच पाऊण मीटरवर येते. म्हणजे जितका वेग कमी, तितकी नळी लांब, आणि काउलिंगमध्ये तर जागेची मारामार. त्यामुळे बहुतेकजण नळ्या इंजिनावरून किंवा खालून वळवून घेतात. रेनेसिसमध्ये इंटेक आणि एक्झॉस्टची (जळका वायू बाहेर टाकणारी) द्वारे एकाच वेळी उघडी राहत नाहीत, त्यामुळे १३बी चे गणित तिथे जसेच्या तसे लावू नये.

दुसरी अडचण उष्णतेची. या इंजिनांत इंटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकमेकांच्या वर-खाली असतात आणि रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टन इंजिनापेक्षा अधिक तापतो. आत येणारी हवा १० अंश सेल्सियसने तापली की तिची घनता तीन टक्क्यांहून जास्त घटते आणि शक्तीही त्याच मापाने उतरते. म्हणून दोहोंमध्ये हवेची फट ठेवून पत्र्याचा आडोसा लावतात आणि हवा काउलिंगबाहेरूनच घेतात. समोर तोंड केलेली नळी १५० नॉटच्या वेगाला समुद्रसपाटीवर पाऱ्याच्या सुमारे एक इंचाएवढा दाब मिळवून देते. फिल्टर चोंदला तर हवा मिळावी म्हणून पर्यायी दरवाजा मात्र लागतोच.

घडणीची रीत साधी, पण निगुतीची. जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीतून फ्लॅंज (इंजिनाला बोल्टने बसणारी पट्टी) कापतात, गॅस्केट (सांध्यातली चकती) ठेवून द्वारांचा आकार आखतात, कानशीने तो तंतोतंत जुळवतात आणि तयार बेंड टिग वेल्डिंगने जोडतात. वेल्डिंगने फ्लॅंज वाकते. म्हणून ती जाड लोखंडी पट्टीवर आवळून वेल्ड करतात आणि नंतर तोंड पुन्हा सपाट करून घेतात. वेल्डिंगचा आत राहिलेला प्रत्येक मणी आणि कण काढावाच लागतो, कारण सुटलेला तुकडा रोटरच्या टोकाच्या सीलला खलास करतो. याच भीतीपोटी थ्रॉटलच्या, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, चकतीचे स्क्रूही पक्के अडकवून ठेवतात.

मोटारीच्या थ्रॉटलची स्प्रिंग ते बंद करते. विमानात ती उलटी लावतात, म्हणजे केबल तुटली तरी इंजिन शक्ती देत राहते आणि धावपट्टी गाठता येते. मॅनिफोल्डला आधार इंजिनाचाच द्यावा, विमानाच्या सांगाड्याचा नव्हे. इंजिन रबरी माउंटवर हलते आणि दोन्हीकडे घट्ट बांधलेली नळी वेल्डपाशी तडकते. काउलिंगला धरलेल्या हवापेटीशी जोड म्हणूनच लवचिक सिलिकॉन नळीने करतात.

जमिनीवरची चाचणी थ्रॉटल पूर्ण उघडून घेतात. मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या दाबापेक्षा पाऱ्याच्या एक इंचाहून खाली राहिला, तर फिल्टर, थ्रॉटल किंवा एखादे वळण हवा अडवते आहे असे समजून तिथून तपास सुरू करतात. दोन रोटरांच्या धडधडीने दाबमापकाचा काटा थरथरतो, म्हणून दाबाची नळी दोन्ही रोटरांच्या वाटांतून घेऊन बारीक छिद्रातून नेतात.