मिनेसोटातील राखीव राने : इटास्कापासून बाउंड्री वॉटर्सपर्यंत

अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्यातील उद्यानांचा इतिहास बहुधा १८९१ पासून सांगितला जातो; परंतु त्याआधी कित्येक पिढ्या तेथे ओजिब्वे या मूलनिवासी लोकांची वस्ती होती, आणि १८३२ मध्ये शोधप्रवासी हेन्री स्कूलक्राफ्टला मिसिसिपी नदीच्या उगमापर्यंत, म्हणजे इटास्का तळ्यापर्यंत, घेऊन जाणारा ओझाविंडिब हाही ओजिब्वे नेताच होता. १८५५ च्या कराराने उगमाचा प्रदेश अमेरिकी सरकारच्या हाती गेला. पुढील दशकांत लाकूड कंपन्यांनी उत्तरेतील पाइनची जुनी जंगले झपाट्याने तोडली.

१८८१ मध्ये विलार्ड ग्लेझियरने भलत्याच तळ्याला उगम ठरवल्यामुळे वाद माजला होता. तो मिटवण्यासाठी राज्याच्या इतिहास संस्थेच्या वतीने जेकब ब्रोवर याने १८८९ मध्ये या भागाची मोजणी केली आणि ती करतानाच हे रान राखले पाहिजे, अशी त्याची खात्री पटली. त्याच्या खटपटीमुळे २० एप्रिल १८९१ रोजी इटास्का उद्यानाचा कायदा झाला. विधिमंडळात तो केवळ एका मताच्या फरकाने संमत झाला होता. उद्यानाची सीमा आखली गेली, पण तिच्या आतील बरीचशी जमीन लाकूड व रेल्वे कंपन्यांच्या मालकीची होती आणि ती विकत घेण्याइतका पैसा राज्याने दिला नव्हता. त्यामुळे नावाला उद्यान असलेल्या या क्षेत्रात पुढेही अनेक वर्षे झाडे पडत राहिली.

या काळातील मेरी गिब्सची कामगिरी विशेष आदराने नोंदवावी अशी आहे. १९०३ मध्ये वडिलांच्या निधनानंतर उद्यानाच्या आयुक्तपदाची जबाबदारी या २४ वर्षांच्या तरुणीवर आली. ओंडके वाहून नेण्यासाठी बांधलेल्या धरणामुळे तळ्याचे पाणी चढून काठावरची झाडे धोक्यात आली होती, म्हणून तिने धरणाचे दरवाजे उघडण्याचा आदेश दिला आणि कंपनीच्या सशस्त्र माणसांसमोरही ती मागे हटली नाही. काही महिन्यांतच तिचे पद गेले. तरीही कागदावरच्या कायद्याला त्या रानात प्रत्यक्ष अर्थ देण्याचे धैर्य तिने दाखवले, असे माझे मत आहे.

बाउंड्री वॉटर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, कॅनडाच्या सीमेलगतच्या सरोवरांच्या रानाचा लढा याहून लांबला. १९०९ मध्ये सुपीरियर राष्ट्रीय वन घोषित झाले. १९२० च्या दशकात उद्योगपती एडवर्ड बॅकस याने सीमेवरील रेनी लेक या सरोवराच्या पाणलोटात धरणांची मालिका बांधण्याची योजना मांडली, तेव्हा निसर्गरक्षक अर्नेस्ट ओबरहोल्ट्झर याने तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षे चळवळ चालवली. १९३० च्या शिपस्टेड-नोलन कायद्याने संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवरील किनाऱ्यांलगतची वृक्षतोड आणि पाण्याच्या पातळीतील फेरफार यांवर बंधने आली. पुढे विमानाने येणाऱ्या पर्यटकांचा उपद्रव वाढला, म्हणून १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी या रानावरून कमी उंचीवर उडण्यास मनाई केली.

१९६४ च्या वन्यभूमी कायद्यात बाउंड्री वॉटर्सचा समावेश झाला, तरी काही भागांत वृक्षतोड आणि मोटारबोटी यांना मुभा राहिली. १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने वृक्षतोड थांबवली आणि बहुतेक सरोवरांत मोटारबोटींना बंदी घातली. त्यावरून स्थानिक गावांत उसळलेला रोष दीर्घकाळ टिकला. दरम्यान, १९७५ मध्ये याच सीमेवर व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले होते. आज बाउंड्री वॉटर्सचे क्षेत्र दहा लाख एकरांहून अधिक आहे, आणि १८५४ च्या करारात ओजिब्वे लोकांनी राखून ठेवलेले शिकारीचे व मासेमारीचे हक्क त्या भूभागात अजूनही लागू आहेत.