390 कोटी लिटरचा हिशेब

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होतं. पाण्याच्या नियोजनामुळे गरिबीतून वर आलेल्या, नगरजवळच्या हिवरे बाजार या गावाचं शिवार सुमारे 976 हेक्टर. गाव पर्जन्यछायेतलं, 400 मिलिमीटर पाऊस झाला तरी वर्ष बरं म्हणायचं. गुणाकार केला तर 390 कोटी लिटर! पण त्यातलं बरंचसं उन्हानं उडतं, काही ओढ्यावाटे निघून जातं आणि उरलेल्याला मुरायलाही जागा थोडीच.

कारण खाली काळा पाषाण. वरचा काही मीटरांचा मुरूम पाणी धरतो, त्याखालच्या खडकात नुसत्या भेगा. विहिरीतलं पाणी मुरमातलं. एका चांगल्या पावसाळ्यात ते परत वर येतं. बोअर मात्र खोलवरच्या भेगा उपसते, आणि त्या भरायला वर्षानुवर्षं लागतात. गावानं शेतीसाठी बोअर बंद केली ती उगाच नाही. ऊस आणि केळीलाही मनाई.

पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले. मग श्रमदान, आदर्श गाव योजनेचा निधी, डोंगरउतारावर सलग समतल चर (पाणी अडवून मुरवायला उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले), कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. पण चर राज्यात कुठे नाहीत? कित्येक गावांत ते खोदले गेले आणि गाळानं भरूनही गेले. मला विचाराल तर खरी करामत पाण्याच्या ताळेबंदाची. पावसाळा संपला की पर्जन्यमापकाचा आकडा आणि विहिरींची पातळी ग्रामसभेसमोर येते. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, उरलेल्यावर रब्बी ठरवायची. पाऊस कमी झाला तर गव्हाचा आग्रह सोडायचा.

गावाची गरिबी हटली, त्यात चराईबंदीमुळे वाढलेल्या गवताचाही मोठा हात आहे. डोंगरावर जनावरं सोडायची नाहीत. गवत विळ्यानं कापून आणायचं. मुळं शाबूत राहिली, माती धरली गेली आणि गोठ्यात बारमाही चारा आला. 1990 च्या दशकाच्या मध्याला गावात दिवसाला 150 लिटर दूध निघायचं, ते पुढे 4 हजारांवर गेलं. 1995 मध्ये 182 पैकी 168 कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती; पंधरा वर्षांनी तीनच उरली.

हे जसंच्या तसं दुसरीकडे उचलून नेता येईल असं मात्र नाही. हिवरे बाजारच्या माथ्यावरचे उतार गावाच्याच हद्दीत आहेत. जिथे पाणी एका गावात मुरतं आणि बोअर शेजारच्या गावात चालते, तिथे ताळेबंद एकट्या ग्रामसभेला मांडता येत नाही. पाषाणातल्या भेगा तलाठ्याचा नकाशा बघून पडलेल्या नसतात.