पॅलिएटिव्ह केअर परिषदेसाठी संशोधनाचा गोषवारा

जीवघेण्या आजाराने ग्रासलेल्या रुग्णाच्या वेदना, धाप, मळमळ आणि धास्ती, तसेच त्याच्या घरच्यांवर येणारा भार हलका करणाऱ्या वैद्यकशाखेला पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक सेवा म्हणतात. या शाखेच्या परिषदेत आपला अभ्यास मांडता यावा म्हणून संशोधक आयोजकांकडे त्याचे जे छोटेखानी लेखी निवेदन पाठवतात, त्याला गोषवारा, किंवा रोजच्या बोलण्यात अ‍ॅबस्ट्रॅक्ट, असे म्हणतात. त्याची मर्यादा बहुधा 250 ते 300 शब्दांची असते. निवड समितीपुढे मूळ प्रबंध, रुग्णांचे कागद किंवा आकडेवारीचे तक्ते यांपैकी काहीच नसते. अभ्यास व्यासपीठावरून वाचायचा, पोस्टर म्हणून लावायचा की नाकारायचा, हे सर्वस्वी या मजकुरावरून ठरते. परिषद संपल्यावरही बहुतेक अभ्यासांचा लोकांच्या हाती राहणारा एकमेव पुरावा हाच असतो, आणि म्हणून त्याकडे केवळ अर्ज म्हणून पाहणे बरोबर नाही.

या शाखेत निरीक्षणे नोंदवून ती इतरांसमोर मांडण्याची परंपरा सुरुवातीपासूनची आहे. शाखेच्या प्रवर्तक सिसिली साँडर्स या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. लंडनमधील सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये (हॉस्पिस म्हणजे अखेरच्या काळातील रुग्णांचे शुश्रूषागृह) 1958 पासून काम करताना त्यांनी हजाराहून अधिक रुग्णांच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या, आणि 1967 मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले तेव्हा शुश्रूषेइतकेच संशोधन आणि शिक्षणही त्याच्या उद्दिष्टांत होते. तेथेच रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी मॉर्फीन आणि डायमॉर्फीन या वेदनाशामक औषधांची तुलना करणारी चाचणी केली, ती 1977 मध्ये प्रसिद्ध झाली. माँट्रियल येथे 1976 पासून दर दोन वर्षांनी या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरते; या विषयाची युरोपातील संघटना 1988 मध्ये स्थापन झाली. भारतात 1994 मध्ये इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही संस्था उभी राहिली. तिची वार्षिक परिषद ‘आयॅपकॉन’ या नावाने ओळखली जाते आणि ती बहुधा फेब्रुवारीत, दर वर्षी वेगळ्या शहरात होते.

मुंबईचा या विषयाशी संबंध जुना आहे. देशातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, कर्करोग शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने 1986 मध्ये वांद्र्याला सुरू झाले. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1996 पासून उपशामक सेवा दिली जाते, आणि 2012 मध्ये या विषयाचा देशातील पहिला एमडी अभ्यासक्रम तेथेच सुरू झाला. एमडीच्या विद्यार्थ्याला थीसिस लिहावा लागतो आणि त्याचे निष्कर्ष परिषदेत मांडण्याची अपेक्षा असते. त्यामुळे मुंबईत गोषवारा लिहिणे हा शिक्षणाचाच एक भाग होऊन बसला आहे. त्याच्या जोडीला घरोघरी जाऊन सेवा देणारी पथके, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून आणि चर्चगेटच्या निर्मला निकेतनमधून शिकून आलेले समाजसेवक, आणि वर्षानुवर्षे वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचारिका यांच्याकडेही सांगण्यासारखे पुष्कळ असते. ते लिहून पाठवले जातेच असे मात्र नाही.

पाठवण्याची रीत सर्वत्र साधारण सारखी असते. परिषदेच्या काही महिने आधी आयोजक आवाहन प्रसिद्ध करतात, त्यात विषयांचे गट, शब्दमर्यादा आणि अंतिम तारीख दिलेली असते. गोषवारा ऑनलाइन भरावा लागतो. पार्श्वभूमी, उद्देश, पद्धती, निष्पत्ती (म्हणजे हाती आलेली माहिती) आणि निष्कर्ष असे त्याचे ठरलेले भाग असतात. सादरकर्त्याला परिषदेची नोंदणी फी भरावी लागते, आर्थिक हितसंबंध असतील तर जाहीर करावे लागतात, आणि तोच मजकूर आधी कुठे छापून आलेला नाही याची हमी द्यावी लागते. प्रत्यक्ष संशोधनाखेरीज एखाद्या रुग्णाची वेगळी कहाणी सांगणारे वृत्त आणि एखाद्या केंद्रात केलेल्या सुधारणेचा अहवाल हेही अनेक परिषदांना चालतात, मात्र त्यांचे गट वेगळे असतात. चांगला गोषवारा केवळ चुकीच्या गटात टाकल्यामुळे मागे पडू शकतो, कारण परीक्षक त्या गटाच्या कसोटीनेच गुण देतात.

भागांपैकी पार्श्वभूमीवर नवखे लेखक सर्वांत जास्त शब्द खर्च करतात. कर्करोग किती वाढला आहे आणि उपशामक सेवा किती आवश्यक आहे, हे त्या परिषदेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. दोन वाक्यांत प्रश्न मांडून पद्धतीकडे वळावे, हेच योग्य. उलट निष्पत्तीच्या जागी ‘निष्पत्ती परिषदेत सादर केली जाईल’ असे एक वाक्य लिहून जागा अडवण्याची प्रथा अजून गेलेली नाही. हाती काही आलेच नसेल तर गोषवारा पाठवू नये, पुढच्या वर्षीची परिषद आहेच.

उपशामक सेवेतील गोषवाऱ्याला इतर शाखांपेक्षा वेगळे करणारी गोष्ट म्हणजे गळती. अभ्यासात घेतलेले रुग्ण अभ्यास पूर्ण होण्याआधीच दगावतात, किंवा इतके खंगतात की प्रश्नावलीला उत्तर देण्याचे त्राण त्यांच्यात उरत नाही. हे येथे अपवादाने घडत नाही, ते गृहीतच धरावे लागते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मोअरकेअर’ या मार्गदर्शक निवेदनाने गळतीचे तीन प्रकार करावेत असे सुचवले: मृत्यूमुळे झालेली, आजार बळावल्यामुळे झालेली, आणि इतर कारणांनी झालेली. हा भेद गोषवाऱ्यात उतरणे फार महत्त्वाचे आहे. समजा, मुंबईतील एका गृहसेवा पथकाने 60 रुग्णांची वेदना पहिल्या भेटीत आणि दोन आठवड्यांनी मोजली, आणि गोषवाऱ्यात लिहिले की 0 ते 10 च्या मापावर वेदनेची सरासरी 7 वरून 3 वर आली. वाक्य खोटे नाही. पण दुसऱ्या मोजणीला 34 जणच उत्तर देऊ शकले असतील, 15 जण मधल्या काळात वारले असतील आणि उरलेले 11 जण गुंगीत किंवा गावी गेलेले असतील, तर ती सरासरी केवळ तुलनेने बऱ्या असलेल्यांची आहे. ज्यांना सर्वाधिक त्रास होता त्यांचाच हिशेब त्यात नाही. हे चार आकडे लिहायला जेमतेम एक वाक्य लागते, आणि त्या वाक्यासाठी दुसरे कोणतेही वाक्य गाळावे लागले तरी चालेल.

असे वाक्य लिहिल्याने अभ्यास कमकुवत दिसतो ही भीती निराधार आहे. 2010 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेली बोस्टनची चाचणी या शाखेतील बहुधा सर्वांत जास्त उद्धृत होणारी असावी. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगात उपशामक सेवा लवकर सुरू केल्यास जगण्याची गुणवत्ता सुधारते असे तीत दिसले, शिवाय मध्यक आयुर्मानही (म्हणजे ज्या मुदतीपर्यंत निम्मे रुग्ण हयात होते तेही) 8.9 महिन्यांऐवजी 11.6 महिने आढळले. तिच्या सारांशातच स्पष्ट लिहिले आहे की निवडलेल्या 151 रुग्णांपैकी 27 जण 12 आठवड्यांच्या आत मरण पावले आणि उरलेल्यांपैकी 107 जणांनी, म्हणजे 86 टक्क्यांनी, मोजणी पूर्ण केली. वाचणाऱ्याचा विश्वास अशाच तपशिलाने बसतो.

मुंबईत गळतीला आणखी एक कारण आहे. येथे उपचारांसाठी विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतचे रुग्ण येतात. पैकी कित्येक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी, नातेवाइकांच्या खोलीवर किंवा भाड्याच्या जागेत राहतात. उपचार थांबले की ते गावाकडे परततात, फोन नंबर बदलतो, आणि नोंदवहीत ‘संपर्क झाला नाही’ एवढाच शेरा उरतो. अशा रुग्णाला मृतांत धरता येत नाही, अभ्यास सोडून गेलेल्यांतही धरता येत नाही. गोषवारा लिहिताना हा गट वेगळा दाखवला तर बाहेरच्या परीक्षकालाही येथील परिस्थिती कळते, आणि फोनवरून पाठपुरावा करणाऱ्या एखाद्या केंद्राची पद्धत इतरांना उचलता येते.

मोजण्याची साधनेही तपशिलाने सांगावी लागतात. एडमंटन लक्षणमापन पद्धती 1991 पासून वापरात आहे. तीत वेदना, थकवा, मळमळ, भूक, धाप अशा लक्षणांना रुग्णाने 0 ते 10 मध्ये अंक द्यायचा असतो. लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, कॉटच्या कडेला स्टूल ओढून बसलेली परिचारिका हा प्रश्न विचारते तेव्हा म्हाताऱ्या बाई कित्येकदा अंक देत नाहीत. ‘कालच्यापेक्षा चार आणे कमी आहे गं’ किंवा ‘सोसवत नाही’ असे म्हणतात, आणि कधी त्यांच्या आधी सूनच उत्तर देऊन टाकते. त्या उत्तराचा अंक कोणी आणि कसा ठरवला, रुग्णाऐवजी नातेवाइकाचे उत्तर किती ठिकाणी घेतले, आणि प्रश्नावलीचे मराठी भाषांतर प्रमाणित होते की पथकाने जागच्या जागी तोंडी केले, हे पद्धतीच्या भागात यायला हवे. जीवनमानाच्या मोजमापासाठी युरोपीय कर्करोग संशोधन संघटनेची 30 प्रश्नांची प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहे. प्रमाणित भाषांतर हाताशी असताना घरगुती भाषांतर वापरू नये. मुलाखतींवर आधारलेल्या गुणात्मक अभ्यासासाठी 2007 ची ‘कोरेक’ ही 32 मुद्द्यांची तपासणी-यादी आहे. ते सगळे मुद्दे 300 शब्दांत बसत नाहीत, पण मुलाखत कोणी घेतली, कोणत्या भाषेत घेतली आणि इंग्रजी रूपांतर कोणी केले एवढे तरी लिहिलेच पाहिजे. परिषदेची भाषा इंग्रजी असली तरी रुग्ण जे बोलला ते मराठीत होते.

संमतीचा प्रश्न येथे इतर शाखांपेक्षा नाजूक आहे. ‘बाबांना काही सांगू नका, ते खचतील’ अशी विनवणी येथील प्रत्येक पॅलिएटिव्ह केअर पथकाने ऐकलेली असते. ज्याला आपला आजार काय आहे हे सांगितलेलेच नाही, त्याची संशोधनासाठी घेतलेली सही पूर्ण संमती ठरत नाही. अशा रुग्णांना अभ्यासात घेतले की वगळले, हे गोषवाऱ्यात सांगणे प्रामाणिकपणाचे आहे, कारण ‘निदान ठाऊक असलेले रुग्ण’ हा अभ्यासगट मुंबईतल्या एकूण रुग्णांपेक्षा बराच वेगळा असू शकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अभ्यास सुरू होण्यापूर्वी नीतिविषयक समितीची मान्यता घ्यावी लागते. जुन्या केसपेपरवरून केलेल्या अभ्यासाला सूट मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे समिती ठरवते, संशोधक नव्हे. उपचारपद्धतीची चाचणी असेल तर सीटीआरआय या अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिची आगाऊ नोंद असली पाहिजे. 2009 पासून ती बंधनकारक आहे. एका रुग्णाचे वृत्त लिहिताना नाव गाळले म्हणजे ओळख लपली असे समजू नये. वय, व्यवसाय, वस्ती आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की शेजारचाही त्या माणसाला ओळखतो.

लेखकांच्या यादीबाबत वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष सर्वमान्य आहेत: कामात भरीव वाटा, मसुद्यात किंवा त्याच्या दुरुस्तीत सहभाग, अंतिम मजकुराला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. विभागप्रमुखाचे नाव केवळ मान म्हणून घालणे यात बसत नाही. त्याहून अधिक खटकणारी बाब अशी की घरभेटींत सर्व माहिती गोळा करणाऱ्या परिचारिकेला आणि समाजसेविकेला पुष्कळदा मसुदा दाखवलाच जात नाही, आणि मग ‘मसुद्यात सहभाग नाही’ हेच कारण पुढे करून त्यांचे नाव वगळले जाते. निकषांतच स्पष्ट म्हटले आहे की पहिली अट पुरी करणाऱ्यांना पुढच्या अटी पुऱ्या करण्याची संधी दिली पाहिजे. ज्या शाखेच्या प्रवर्तक स्वतः परिचारिका आणि समाजसेविका होत्या, तिच्या परिषदांत या दोन व्यवसायांतील माणसे प्रथम लेखक म्हणून दिसायला हवीत. इंग्रजी लिहिण्याचा संकोच ही त्यांची खरी अडचण असते. सहकारी डॉक्टरने शेजारी बसून एक संध्याकाळ दिली तर ती दूर होते.

परीक्षण बहुधा लेखकांची नावे झाकून होते. दोन किंवा अधिक परीक्षक विषयाचे महत्त्व, पद्धतीची शुद्धता, निष्पत्तीची स्पष्टता आणि नावीन्य यांना गुण देतात, आणि त्यांच्या सरासरीवर तोंडी सादरीकरण किंवा पोस्टर असा निर्णय होतो. मजकुरात स्वतःच्या रुग्णालयाचे नाव आल्यामुळे परत पाठवलेले गोषवारेही असतात. पोस्टर मिळणे हे दुय्यम मानण्याचे कारण नाही. व्यासपीठावर सात-आठ मिनिटांत जे विचारता येत नाही, ते पोस्टरपुढे उभे राहून निवांत विचारता येते.

स्वीकृत गोषवारे पुष्कळदा एखाद्या नियतकालिकाच्या पुरवणीत छापले जातात. पुढे पूर्ण निबंध लिहिण्यास त्याने बाध येत नाही. परिषदेतील गोषवारा हे पूर्वप्रकाशन धरले जात नाही, फक्त निबंध पाठवताना त्याचा उल्लेख करावा लागतो. तरीही बहुतेक अभ्यास त्या पुढे जात नाहीत. सर्व वैद्यकशाखांतील गोषवाऱ्यांचा मागोवा घेणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणारी संस्था) केवळ 37.3 टक्के गोषवाऱ्यांचे पूर्ण निबंधात रूपांतर झाल्याचे आढळले, आणि अनुकूल निष्कर्षांचे अभ्यास छापले जाण्याची शक्यता अधिक दिसली. एखादे औषध किंवा भेटींची एखादी पद्धत उपयोगी पडली नाही, हे सांगणारा अभ्यास अशा रीतीने पुरवणीतच राहून जातो आणि दुसरे केंद्र थकलेल्या रुग्णांवर तोच प्रयोग नव्याने करते. भारतीय संघटनेचे इंडियन जर्नल ऑफ पॅलिएटिव्ह केअर हे नियतकालिक सर्वांना विनामूल्य वाचता येते, आणि येथील अभ्यासांना ते जवळचे आहे. निबंध तयार होईपर्यंत आणखी रुग्णांची माहिती हाती येते, काही नोंदी दुरुस्त होतात आणि गोषवाऱ्यातले आकडे बदलतात. हा बदल का झाला, हे निबंधाच्या पद्धतीच्या भागात एका ओळीत नोंदवण्याची रीत आहे.